मूल घरातच राहावे म्हणून

आपल्या व्यापारी समाजात ‘दत्तक’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी पेढी उभी राहते, मूल नंतर. अमुक पेढीला वारस नव्हता म्हणून धाकट्या भावाचा मुलगा घेतला, तमुक काकांनी बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला आणि पुढे त्यानेच वखार सांभाळली, अशा दोन-चार हकिकती प्रत्येक घराण्यात निघतात. त्यांत वावगे काहीच नाही. पेढी चालली, वृद्धांना आधार मिळाला, मुलाचेही कल्याण झाले. पण या हकिकतींत एक गोष्ट सारखी असते. घराला मुलाची गरज होती म्हणून मूल घरात आले. मुलाला घराची गरज होती म्हणून कोणी उठले, अशी हकिकत क्वचितच कानावर येते.

कायद्यानेही जैनांच्या दत्तकाकडे याच दृष्टीने पाहिले होते. हिंदू धर्मशास्त्रात पुत्र हवा तो पिंडदानासाठी. आपल्याकडे पिंडदान नाही, श्राद्ध नाही. म्हणून जैनांचे दत्तक हा धार्मिक विधी नसून निव्वळ लौकिक व्यवहार होय, असे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी ठरविले. १८७८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उत्तर हिंदुस्थानातील अग्रवाल जैनांच्या एका दाव्यात, जैन विधवेला पतीच्या अनुमतीवाचून दत्तक घेता येते, ही रूढी मान्य केली. त्या काळाच्या मानाने ही मोठीच मोकळीक होती. परंतु दावा होता मालमत्तेचा. मुलाला काय वाटते हा प्रश्न त्यात कोणी विचारला नव्हता आणि तो विचारण्याची पद्धतही नव्हती.

जुन्या शास्त्रातील आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मी थबकलो. दत्तक देण्याचा अधिकार फक्त आईबापांना. मग ज्याला आईबापच नाहीत ते मूल देणार कोण? कोणीच नाही. त्यामुळे अनाथ मुलाचे दत्तक शास्त्राला संमत नसे. एखाद्या ठिकाणी तशी रूढी सिद्ध झाली तरच ते टिके. ज्याला घराची सर्वांत जास्त निकड, त्यालाच दार बंद! १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने (तो जैनांनाही लागू आहे) न्यायालयाच्या परवानगीने पालकाला मूल देण्याची मुभा दिली आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या, आईबाप अज्ञात असलेल्या मुलांसाठीही ती वाट मोकळी झाली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली तीही १९५६ पासूनच.

तथापि मला आज लिहायचे आहे ते मुख्यतः दत्तकाविषयी नव्हे. वडील गेलेल्या, किंवा आईवडील दोघेही गेलेल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत दत्तकाचा प्रश्न उद्भवतच नाही. त्यांना आजी असते, काका असतो, मामा असतो; पुष्कळदा आई असते. त्यांना प्रेम करणारे माणूस शोधून द्यावे लागत नाही. त्या माणसाच्या हाती महिन्याचा खर्च नसतो, एवढेच. आणि तेवढ्याच कारणाने मूल घरातून उठून बालगृहात जाते, किंवा तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सोडून कुठे तरी कामाला लागते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला हे चित्र नवे नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रियांची नोंद झाली. हा आकडा स्त्रियांच्या सन्मानाचा पुरावा म्हणून भाषणात सांगितला जातो. खरे कारण वेगळे आहे. मंडणगड-दापोलीपासून लांजा-राजापूरपर्यंत घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईला चाकरमानी म्हणून गेलेला असतो. मागे राहतात म्हातारी माणसे, सुना आणि लहान मुले. नातवंडे आजीने वाढवावीत आणि मुंबईहून मनीऑर्डर यावी, ही व्यवस्था येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मनीऑर्डरच्या जागी आता मोबाइलवरून पैसे येतात, इतकाच फरक. पाठविणारा जिवंत आहे तोवर ही व्यवस्था उत्तम चालते. तो गेला की आजी तीच, घर तेच, मूल तेच; फक्त पैसा थांबतो.

ही पोकळी भरून काढण्यासाठीच महाराष्ट्र शासनाने २००५ साली बालसंगोपन योजना सुरू केली. सरकारी भाषेत तिला ‘संस्थाबाह्य’ योजना म्हणतात, म्हणजे मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबातच ठेवून त्याच्या संगोपनासाठी दरमहा अनुदान द्यावयाचे. अनाथ मुले, आई किंवा वडील एकटेच असलेली मुले, ज्यांचे पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत किंवा तुरुंगात आहेत अशी मुले, अठरा वर्षांपर्यंत या योजनेत बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावयाचा. आदेश बाल कल्याण समितीने काढावयाचा. ही समिती अध्यक्ष व चार सदस्य अशी पाच जणांची असते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

२०२३ पासून या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. सरकारी योजनांना थोरांची नावे देण्याचे मला फारसे कौतुक नाही. पण येथे नाव अगदी चपखल बसले. जोतिराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा १८७४ साली स्वतः दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्याच सेवेत १० मार्चला सावित्रीबाईंचा अंत झाला. त्या घरात ना पेढी होती, ना वारसाची चिंता.

आता रकमेकडे वळतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझी नजर शेवटी आकड्यावर जाते. कित्येक वर्षे या योजनेत मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि एप्रिल २०२३ पासून २२५० आहेत. वर्षाचे २७,००० रुपये, दिवसाचे ७५. यात दोन वेळचे जेवण, वही-पेन, चप्पल, एस.टी.चा पास, पावसाळ्यातले आजारपण. कोणी म्हणेल, ही रक्कम तुटपुंजी आहे. आहेच. पण ज्या आजीचे स्वतःचे उत्पन्न काजूच्या बिया सोलण्यावर चालते, तिच्या घरात २२५० रुपये म्हणजे मूल राहणार की जाणार याचा निकाल असतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व यांसाठी मुलामागे दरमहा ४००० रुपये आहेत. त्यातील साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. त्या योजनेला मात्र उत्पन्नाची अट आहे. ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपयांच्या आतच उत्पन्न हवे, शहरी भागात ९६,०००. प्रतिपालकत्व म्हणजे नात्याबाहेरच्या कुटुंबाने मूल काही काळ आपल्या घरी ठेवून वाढविणे. हा प्रकार आपल्याकडे अजून रुजलेला नाही. पण २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली आहे आणि मूल दोन वर्षे त्या घरात राहिले की त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

कागदोपत्री योजना चांगली आहे. अडचण येते ती मंजुरी आणि खाते यांच्या मधल्या अंतरात, आणि ते अंतर मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

नोकरीत असताना एका शाखेत संगमेश्वर तालुक्यातील एक वृद्ध बाई तिसरीतल्या नातीचे खाते उघडायला आल्या होत्या. मुलगी आठ वर्षांची. दहा वर्षांखालील मुलाचे खाते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फतच उघडता येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे (तोही १९५६ चाच आणि जैनांनाही लागू) नैसर्गिक पालक म्हणजे वडील, त्यांच्या मागे आई. आजीचे नाव त्यात नाही. निसर्गाने जिला आजी केले, तिला कायदा नैसर्गिक मानीत नाही! कायदेशीर पालक व्हायचे तर जिल्हा न्यायालयातून तसा आदेश आणावा लागतो. खाते पाहणाऱ्या कारकुनाने हे त्यांना नीट, सौम्य शब्दांत सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, बाप गेला, आई त्याच्या आधीच गेली. आता आई मी नि बाप पण मीच. आणखी कुठचा कागद आणू?”

त्यांच्या पिशवीत बाल कल्याण समितीचा आदेश होता. मुलीचे संगोपन या आजीकडे राहावे असे त्यात स्वच्छ लिहिले होते. तो आदेश प्रादेशिक कार्यालयाला पाठवून मान्यता मागवावी लागली. मान्यता आली, खाते उघडले. लागले तीन आठवडे आणि आजीबाईंच्या चार खेपा. प्रत्येक खेपेला दोघींचे एस.टी. भाडे, आजींची एका दिवसाची मजुरी आणि मुलीची एका दिवसाची शाळा. २२५० रुपयांच्या अनुदानाचा हिशेब मांडताना हा खर्च कोणी धरीत नाही.

येथे थोडा तांत्रिक तपशील देतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मूल दहा वर्षांचे झाले असेल तर त्याला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना ही मुभा दिली आणि २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. दुसरी गोष्ट आधारची. ‘आधार खात्याला जोडले आहे’ एवढे पुरत नाही. सरकारी अनुदान आधारमार्फत येते तेव्हा ते, ज्या बँकेत आधार अनुदानासाठी सर्वांत शेवटी जोडले गेले, त्याच बँकेतील खात्यात जाऊन पडते. मुलाचे एक खाते शिष्यवृत्तीसाठी शाळेने उघडलेले असते, दुसरे योजनेसाठी आजीने. आजी एका पासबुकावर महिनोन्‌महिने शिक्का मारून घेते आणि पैसे दुसऱ्या खात्यात साठत राहतात. तिसरी गोष्ट, अनुदानासाठी उघडलेले शून्य शिलकीचे खाते दोन वर्षे व्यवहार नसला तरी ‘निष्क्रिय’ म्हणून बंद ठेवायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०२४ पासूनचे निर्देश आहेत. काउंटरवर हे सांगणारा कोणी बरोबर असला तर काम होते. एकटी वृद्ध बाई असली तर ती ‘उद्या या’ ऐकून परत जाते.

अर्जासोबतच्या कागदांची यादीही सांगितली पाहिजे. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड, रेशनकार्ड, आधार, पासबुकाची प्रत. आणि एक छायाचित्र: घरासमोर उभे राहून पालक व मूल यांचे एकत्र. ही शेवटची अट कोणी सुचविली कोण जाणे, पण मला ती फार अर्थपूर्ण वाटते. बाकी सारे कागद कोण मेले आणि किती कमी मिळते हे सांगतात. मूल कोणाच्या शेजारी उभे आहे हे फक्त त्या छायाचित्रात दिसते.

मंजुरी मिळाल्यावरही पैसे दरमहा येतात असे नाही. कधी चार महिन्यांचे एकदम, कधी सहा महिन्यांचे. शिवाय दरवर्षी नूतनीकरण. यंत्रणेला वेगाने काम जमत नाही असे म्हणावे तर तसेही नाही. २०२४ च्या जूनअखेरीस जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते ऑगस्टच्या मध्यावर खात्यांत पडलेही होते. त्या योजनेला वयाची कमाल मर्यादा ६५ आहे, म्हणजे नातवंडे वाढविणारी सत्तरीची आजी तिच्यात नाही, हे जाता जाता. इच्छा असली की पैसे वेळेवर पोहोचतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. मुलांना मत नसते, आणि आजीचे मत एकच असते.

स्थानिक पातळीवरही पैसा नाही असे नव्हे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचे असतात. जिल्हा परिषदेतही महिला व बालकल्याण समितीसाठी तशीच तरतूद असते. तो पैसा बहुधा शिलाई यंत्रे, सायकली आणि प्रशिक्षण वर्ग यांवर जातो. सायकल मिळालेल्या मुलीचा आनंद मी कमी लेखत नाही. पण गावात आईबाप नसलेली मुले असतात तरी किती? दोन, तीन, फार तर पाच. त्यांच्या कागदपत्रांचा, जाण्यायेण्याचा, अनुदान येईपर्यंतच्या वह्यापुस्तकांचा खर्च या दहा टक्क्यांतून सहज भागण्यासारखा आहे. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती स्थापन झालेली असते. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका तिच्या सदस्य सचिव. कागदावर असलेल्या या समितीची बैठक खरोखर भरते का, हे आपापल्या गावी एकदा विचारून पाहण्यासारखे आहे. अंगणवाडी सेविकेला मात्र सारे ठाऊक असते. कोणत्या घरातला कर्ता गेला, कोणते मूल शाळेत यायचे थांबले, हे तिला विचारावे.

आता आपल्या दानाविषयी. आपला समाज देण्यात मागे नाही, हे मी अभिमानाने म्हणतो. चातुर्मासात बोल्या होतात, पर्युषणात आणि दशलक्षणात आकडे जाहीर होतात, पांजरापोळींना पैसा कमी पडत नाही. आणि मुलांसाठी काही करायचे ठरले की आपल्या मनात पहिला विचार येतो इमारतीचा. वसतिगृह, आश्रम, नामफलक. हा विचार एकेकाळी योग्यच होता. आपल्याच जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा ज्या विधवा मुलींना घरच घर मानीत नव्हते त्यांना आश्रमावाचून दुसरी वाटच नव्हती. आपल्या समाजाच्या वसतिगृहांनी तर खेड्यापाड्यांतल्या पिढ्या शिकविल्या. शिक्षणासाठी घर सोडणे वेगळे. पैसे नाहीत म्हणून घर सोडावे लागणे वेगळे. ज्या मुलाला आजी आहे त्याला आश्रमात बोलावणे म्हणजे त्याला अन्न देऊन आजी काढून घेणे होय.

शासनाच्या धोरणातही हे आता उतरले आहे. मिशन वात्सल्यमध्ये संस्थेतल्या मुलाच्या निर्वाहासाठी दरमहा ३००० रुपये आणि कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी ४००० रुपये, असा क्रम आहे. संस्थेला कर्मचारी, इमारत यांचा खर्च वेगळा मिळतो हे खरे. तरी मुलाच्या नावावरचा आकडा कुटुंबात जास्त ठेवला, ही दिशा लक्षात घ्यावी. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे.

आपल्या न्यासांच्या हिशेबात खाती वेगवेगळी असतात. देवद्रव्य मंदिराबाहेर जात नाही, जीवदयेचा पैसा मुक्या प्राण्यांसाठीच. ही शिस्त मला बँकवाला म्हणून फार आवडते. पण बहुतेक न्यासांत अनुकंपा खाते नावाचेही एक खाते असते आणि त्याची शिलक वर्षानुवर्षे पडून राहिलेली मी अनेक ताळेबंदांत पाहिली आहे. पूर आला, भूकंप झाला की त्यातून एकरकमी मदत जाते. एरवी ते खाते झोपलेले. दहा मुलांना दरमहा हजार रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला १,२०,००० रुपये लागतात. एका सभागृहाच्या फरशीचा हा खर्च. त्याला फलक लागत नाही, ही त्याची उणीव म्हणा हवी तर.

दत्तकाकडे पुन्हा एकदा येणे आवश्यक आहे, कारण तेथे पैशाची गोष्ट नेमकी उलटी आहे. देशात २०२४-२५ या वर्षात ४५१५ मुले कायदेशीर मार्गाने दत्तक गेली. त्यांतील ४१५५ देशातच. गेल्या कित्येक वर्षांतील हा मोठा आकडा. तरीही नोंदणी करून थांबलेली जोडपी मुलांच्या कितीतरी पट आहेत आणि प्रतीक्षा वर्षानुवर्षांची असते. सर्वांना हवे असते तान्हे, निरोगी मूल. जी मुले वाट पाहत राहतात ती मोठी झालेली, भावंडांसह असलेली, किंवा अपंग. ते मूल कोणी स्वीकारले की शासनाचा हात तेथेच सुटतो. आदेश झाल्यावर ते मूल पूर्णपणे त्या घराचे, आणि त्याच्या उपचारांचा खर्चही त्या घराचाच. अमेरिकेने १९८० साली कायदा करून अशा विशेष गरजांच्या मुलांना दत्तक घेणाऱ्या कुटुंबांसाठी मासिक साहाय्य सुरू केले. ते मूल मोठे होईपर्यंत चालते. कोणी म्हणेल, पैसे घेऊन मूल वाढवायचे म्हणजे भाडोत्रीपणा. मला तसे वाटत नाही. कर्णबधिर मुलीला आपली म्हणणाऱ्या शिक्षक दांपत्याला श्रवणयंत्राची मदत मिळाली, तर त्यांचे वात्सल्य कमी कसे होईल?

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती आपल्याच घरांत कुजबुजत बोलली जाते. प्रतीक्षा लांबली की ‘ओळखीतून, परस्पर’ मूल मिळवून देणारे भेटतात आणि व्यापारी माणसाला वाटते, पैसे टाकले की काम होते. नात्यातले मूल १९५६ च्या कायद्याने, नोंदणीकृत दत्तकपत्र करून घेता येते. पण त्याबद्दल पैसे देणे-घेणे त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने निषिद्ध आहे. मुलाची खरेदी-विक्री केल्यास बाल न्याय अधिनियमात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. शिवाय अशा मुलाच्या जन्माची कागदपत्रे खोटी असतात. ते मूल तीस वर्षांनी पासपोर्टसाठी किंवा वारसासाठी उभे राहील तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे? ज्या पेढीसाठी त्याला आणले तिच्याच वाटणीत त्याच्याकडे बोट दाखविले जाईल.

शेवटी एक उदाहरण देतो. ते दानाचे नाही, उधारीचे आहे. आमच्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्याने गेली दोन वर्षे एक पद्धत ठेवली आहे. ज्या घरातील मुलांना बालसंगोपनाचा आदेश मिळाला आहे, त्या घराला आदेशाची प्रत पाहून महिन्याला दोन हजारांपर्यंत माल उधार द्यायचा. अनुदान येईल तेव्हा वसुली. व्याज नाही. मी त्यांना विचारले, “शेठ, बुडीत किती?” त्यांनी वही पुढे केली. अशी सहा घरे आहेत. एका आजोबांची बाकी पाच महिने वाढत गेली होती. मार्चअखेरीस अनुदान एकदम जमा झाले तेव्हा ते पासबुक घेऊन आले, बाकी फेडली, आणि नातवासाठी तेल, गूळ, दोन वह्या असा नवा माल पुन्हा उधारच घेऊन गेले. व्यापाऱ्याने त्यांच्या देखत जुन्या बाकीखाली रेघ मारली आणि नवी तारीख घातली.